प्लेगची वाट : जंतू शरीरात शिरतो कसा, हा प्रश्न आणि त्याचं उत्तर



मागच्या व्याख्यानात आपण कारण म्हणजे काय, याचा विचार केला. कुंभार, माती, चाक, दांडा आणि माती वाहून आणणारं गाढव. न्यायशास्त्रातला हा जुना दृष्टांत तुमच्या लक्षात असेल. घडा घडायला माती लागते, चाक लागतं, कुंभार तर लागतोच. गाढव मात्र दररोज तिथे हजर असूनही घड्याचं कारण ठरत नाही. माती डोक्यावरून आणली असती तरी घडा झालाच असता. अशा नेहमी सोबत असणाऱ्या, पण कारण नसणाऱ्या गोष्टीला नैयायिक 'अन्यथासिद्ध' म्हणतात. त्या दिवशी व्याख्यान संपल्यावर एका श्रोत्याने विचारलं, की हे सगळं ठीक आहे, पण यामुळे कोणाचं काय बिघडतं? गाढवाला कारण म्हटलं तर काय होतं?

आजचं व्याख्यान म्हणजे त्या प्रश्नाचं उत्तर आहे. गाढवाला कारण समजल्यामुळे काय होतं, ते आपल्या या मुंबई-पुण्याने सव्वाशे वर्षांपूर्वी भोगलेलं आहे.

1896 सालचा सप्टेंबर महिना. मुंबईत मांडवी भागात, बंदराजवळच्या धान्याच्या गोदामांच्या वस्तीत, माणसं तापाने मरू लागली. आधी गोदामांतले उंदीर मेले होते. मग माणसांना सणसणून ताप, जांघेत किंवा काखेत गाठ, आणि चार-पाच दिवसांत शेवट. डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस हे गोव्याच्या हडफड्याचे, ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलेले आणि मुंबई महापालिकेचे सभासद. त्यांनी हा गाठीचा प्लेग आहे असं निदान केलं आणि ते उघडपणे सांगितलं. धोबीतलावला मेट्रो सिनेमाच्या समोर त्यांचा पुतळा आहे. आपण त्याच्यावरून शंभरदा गेलेले असतो, पण मान वर करून नाव वाचलेलं नसतं.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या. त्या वेळी प्लेगचा जंतू अज्ञात नव्हता. दोनच वर्षांपूर्वी, 1894 साली, हाँगकाँगच्या साथीत अलेक्झांडर येर्सिन आणि जपानचे कितासातो शिबासाबुरो या दोघांनी जवळजवळ एकाच वेळी तो शोधला होता. येर्सिनला तर तिथल्या इस्पितळात प्रेतं तपासायची परवानगी मिळेना. त्याने बाहेर एक गवताची झोपडी बांधून घेतली, प्रेतं पुरणाऱ्या खलाशांच्या हातावर पैसे ठेवले, आणि गाठींतून नमुने काढले. मेलेल्या उंदरांमध्येही तोच जंतू असल्याचं त्याने दाखवलं. म्हणजे मुंबईत साथ आली तेव्हा 'कोण' या प्रश्नाचं उत्तर हातात होतं. 'कसा', 'कोणत्या दाराने' हे उत्तर नव्हतं. आपल्याला वाटतं, चोर कोण ते कळलं म्हणजे झालं. पण चोर कुठून शिरतो हे ठाऊक नसेल तर तुम्ही पुढच्या दाराला दहा कुलपं लावता आणि परसाकडची खिडकी उघडीच राहते.

इथे थोडं थांबून दारांचाच विचार करू. रोगजंतू आत शिरला की रोग झाला, इतकं ते सरळ नसतं. तीन रोग घेऊ. पटकीचा जंतू पाण्यातून, अन्नातून, तोंडावाटे येतो. तो लहान आतड्यात राहतो, रक्तात सहसा जात नाही. तिथे बसून तो एक विष सोडतो आणि त्या विषामुळे आतड्याच्या पेशी शरीरातलं पाणी आतड्यात ओतू लागतात. हे विष कलकत्त्याच्या शंभुनाथ डे यांनी 1959 साली प्रयोगाने दाखवून दिलं. दुसरा धनुर्वात. त्याचा जंतू मातीत, शेणात असतो. गिळला गेला तर सहसा काही होत नाही. पण हवा न पोचणाऱ्या खोल जखमेत तो गेला, की तिथे वाढतो. जंतू जखमेतच राहतो, विष तेवढं नसांवाटे मज्जारज्जूकडे जातं आणि स्नायू आखडतात, माणूस धनुष्यासारखा वाकतो. आणि तिसरा प्लेग. हा मात्र आत घुसणारा आहे. कातडीखाली शिरतो, तिथून जवळच्या लसिका ग्रंथीत, तिथून रक्तात. तीन जंतू, तीन दारं, तीन रीती. एकाच्या दाराला लावलेलं कुलूप दुसऱ्याच्या कामाचं नाही.

1896 सालच्या अधिकाऱ्यांनी प्लेगला कुठलं दार गृहीत धरलं? घाण. दमट, अंधाऱ्या खोल्या, शेणाने सारवलेली जमीन, गटारांतली हवा, आजाऱ्याचे कपडे आणि खुद्द आजारी माणूस. आणि एक तर्क असाही होता, की इथले लोक अनवाणी चालतात, पायाच्या चिरांतून जमिनीवरचा जंतू आत जातो, म्हणून जांघेत गाठ येते. बघा, तर्क अगदीच टाकाऊ नाही. गाठी जांघेत जास्त येतात हे निरीक्षण खरं होतं. पायावर जिथून जंतू शिरेल तिथली लसिका जांघेकडेच जाते, हेही खरं. फक्त मधला एक दुवा चुकला, आणि त्या एका दुव्याने लाखो लोकांचं आयुष्य ढवळून निघालं.

कारण उपाय त्या तर्कातून आले. गटारांत कार्बोलिक ओतलं गेलं. घरांच्या भिंती चुन्याने रंगवल्या, छपरं उचकटली, जमिनी खणल्या, अंथरुणं जाळली. फेब्रुवारी 1897 मध्ये साथीच्या रोगांचा कायदा झाला. आगगाडीच्या स्थानकांवर बायकांच्या काखा-जांघा तपासल्या जाऊ लागल्या. मुंबईची जवळजवळ निम्मी वस्ती शहर सोडून पळाली, आणि पळणाऱ्यांच्या मागोमाग प्लेगही गावोगावी गेला. पुण्यात रँडच्या कमिटीने घरझडतीला गोरे शिपाई लावले. ते देवघरात, माजघरात शिरले. आजाऱ्याला इस्पितळात आणि घरच्यांना सेग्रिगेशनच्या छावणीत नेऊ लागले. पुढचं आपल्याला पाठ आहे. 22 जून 1897, गणेशखिंड, चाफेकर बंधू. आपण ती हकीकत शौर्याची म्हणून सांगतो, आणि ती तशी आहेच. पण तिच्या मुळाशी एक चुकलेला कार्यकारणभाव बसलेला आहे, हे आपण सांगत नाही.

त्याच वर्षी, 10 मार्चला, सावित्रीबाई फुले गेल्या. मुलगा यशवंत डॉक्टर होता, त्याच्या दवाखान्यात त्या आजाऱ्यांची सेवा करत होत्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घालून आणलं, आणि त्यातच त्यांना प्लेग झाला असं सांगतात. ज्यांना शिवायला कोणी तयार नव्हतं त्यांना त्यांनी उचललं. रोग कुठून येतो हे त्या काळी कोणालाच माहीत नव्हतं, तेव्हा त्यांनी हे केलं.

आता हे घाणीचं, अनवाणी पायांचं गाढव बाजूला कसं झालं ते पाहू.

पॉल-लुई सिमाँ नावाचा एक फ्रेंच डॉक्टर पाश्चर संस्थेतर्फे 1897 साली मुंबईला आला. त्याने दोन गोष्टी टिपल्या. काही रुग्णांच्या अंगावर, बहुधा पायावर, एक बारीक फोड असतो आणि त्या फोडात प्लेगचे जंतू असतात. दुसरी गोष्ट अशी, की एका लोकरीच्या कारखान्यात सकाळी मेलेले उंदीर सापडले. वीस मजुरांना ते उचलायला लावलं. तीन दिवसांत त्यांतल्या दहा जणांना प्लेग झाला, बाकीच्या कामगारांना नाही. पण बराच वेळ मरून पडलेला उंदीर हाताळला तर काही होत नाही, नुकताच मेलेला असेल तर होतं, असंही त्याच्या ध्यानात आलं. मग ताज्या आणि शिळ्या उंदरात फरक काय? जंतू तर दोघांतही आहेत. फरक एवढाच, की शिळ्या उंदराचं अंग गार झालेलं असतं आणि त्याच्यावरच्या पिसवा त्याला सोडून गेलेल्या असतात.

2 जून 1898. कराची. रेनल्ड्स हॉटेलातली एक खोली. सिमाँने काचेच्या मोठ्या बरणीत प्लेगने मरायला टेकलेला, पिसवा असलेला उंदीर ठेवला. त्याच बरणीत, जाळीच्या छोट्या पिंजऱ्यात, एक निरोगी उंदीर. दोघांचा एकमेकांना स्पर्श होणार नाही, पण पिसू उडी मारून जाऊ शकेल. आजारी उंदीर मेला. पाच-सहा दिवसांत निरोगी उंदीरही प्लेगने मेला. मग त्याने उलट प्रयोग केला. पिसवा नसलेला आजारी उंदीर निरोगी उंदरांबरोबर ठेवला. काही झालं नाही.

मंडळी, हा आपल्याकडचा अन्वय-व्यतिरेक आहे. ते असलं की हे असतं, तो अन्वय. ते नसलं की हे नसतं, तो व्यतिरेक. घाण नुसती अन्वयाने सिद्ध झाली होती, म्हणजे जिथे प्लेग तिथे घाण, हे दिसत होतं. व्यतिरेक कोणी तपासलाच नव्हता. घाण काढली, तर प्लेग जातो का? मुंबईने तो प्रयोग हजारो घरांवर केला होता, उत्तर 'नाही' असं आलं होतं, पण ते उत्तर म्हणून कोणी वाचलं नाही. उलट खणाखणीने उंदीर बिथरून शेजारच्या घरात गेले.

तुम्हाला वाटेल, सिमाँने शोध लावला आणि जगाने मान्य केला. तसं घडलं नाही. सरकारने नेमलेल्या पहिल्या प्लेग कमिशनने त्याचं म्हणणं जवळजवळ उडवून लावलं. मुंबईत डॉ. ग्लेन लिस्टन यांनी तो धागा पुन्हा उचलला. प्लेग झालेल्या घरांत त्यांनी गिनीपिग सोडले, आणि उंदरांविना भुकेल्या झालेल्या पिसवा त्या प्राण्यांच्या अंगावर गोळा झाल्या. 1905 पासून परळच्या प्रयोगशाळेत नव्या कमिशनने पद्धतशीर प्रयोग केले, आणि मग उंदराची पिसू हेच दार आहे, हे निर्विवाद झालं. साथ सुरू झाल्याला तोवर दहा वर्षं होत आली होती. राहिलेला दुवा लंडनमध्ये बेकट आणि मार्टिन यांनी 1914 साली जोडला. पिसवेच्या पोटात जंतू वाढून चिकट बोळा तयार होतो, अन्ननळी तुंबते. पिसू उपाशी राहते, वेड्यासारखी चावत सुटते, रक्त ओढते, ते आत जात नाही, आणि जंतूंसह परत जखमेत ओकते.

आणि पुढचं तर अलीकडच्या काळात उलगडलं. पिसवेच्या गार अंगात हा जंतू चिकट असतो. माणसाच्या अंगाची 37 अंशांची ऊब मिळाली की तो वेष बदलतो. अंगावर एक कवच चढवतो आणि सुईसारख्या यंत्राने आपल्या पांढऱ्या पेशींत अशी प्रथिनं टोचतो, की गिळायला आलेली पेशीच लुळी पडते. सुरुवातीला आलेले पुष्कळ जंतू मारले जातात. पण काही जंतू ज्या पेशी त्यांना गिळतात त्यांच्याच पोटात जगतात, सज्ज होतात आणि बाहेर पडतात. पहारेकऱ्याच्याच खोलीत चोर कपडे बदलतो म्हणा ना. गाठ म्हणजे त्या लढाईत सुजलेली लसिका ग्रंथी.

एक गोष्ट न्यायाची म्हणून सांगितली पाहिजे. जंतू फुप्फुसात पोचला तर प्लेग खोकल्यातून माणसाकडून माणसाकडेही जातो. तेव्हा आजाऱ्याला वेगळं ठेवणं सरसकट मूर्खपणाचं होतं, असं आपण म्हणू नये. आणि विरोध करणाऱ्या आपल्या लोकांना तरी खरं कारण कुठे ठाऊक होतं? लस टोचली की माणूस मरतो, अशा अफवा आपल्याकडेच उठल्या. ती लस वाल्देमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका खोलीत तीन महिन्यांत तयार केली, आणि 10 जानेवारी 1897 ला आधी स्वतःला टोचून घेतली.

या हाफकिन यांच्याच बाबतीत दाराचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. 30 ऑक्टोबर 1902, पंजाबातलं मलकोवाल. त्या दिवशी 107 जणांना प्लेगची लस टोचली. त्यांतले एकाच बाटलीतून टोचलेले 19 जण धनुर्वाताने मेले. जंतू बाटलीत कुठे शिरला? परळला, का मलकोवालला? चौकशीने बोट परळकडे दाखवलं. हाफकिन यांना दूर करण्यात आलं. पण त्या दिवशी बाटलीचं बूच काढताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला होता. धनुर्वाताचा जंतू मातीत असतो, हे आपण मघाशीच पाहिलं. शिवाय बाटली उघडली तेव्हा तिला वास नव्हता. परळपासून जंतू आत वाढत असता, तर दुर्गंधी आली असती. रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी हे मांडायला घेतलं, आणि 1907 साली हाफकिन निर्दोष ठरले. परळच्या त्या प्रयोगशाळेला 1925 साली त्यांचं नाव दिलं गेलं. पाच वर्षं एक माणूस चुकीच्या दारापाशी उभा केला गेला होता.

आता शेवटाकडे येऊ. एक घरातली गोष्ट सांगायची आहे. ती आम्ही आजवर व्यासपीठावर सांगितलेली नाही.

आमच्या आजीचं माहेर सातारा जिल्ह्यात. ती नऊ वर्षांची असताना, म्हणजे 1911च्या सुमाराला, गावात उंदीर पडला. 'उंदीर पडला' एवढे दोन शब्द पुरेसे असत. लोक घरं बंद करून रानात झोपड्या घालून राहायला जात. कमिशनांचे अहवाल यायच्या आधीपासून आपले खेडूत हे करत होते. त्यांनी पिसू ओळखली नव्हती, पण उंदीर आणि मरण यांची सोबत त्यांनी ओळखली होती. तर, रानात थंडी फार. आजीची आई एका संध्याकाळी बंद घरात गेली आणि एक वाकळ घेऊन आली. ती तिने धाकट्या मुलाच्या अंगावर घातली. चौथ्या दिवशी मुलाला ताप आला, जांघेत गाठ आली. तो गेला. बाकी कोणाला काही झालं नाही. त्या बाईला घरातल्यांनी, भावकीने जन्मभर ऐकवलं. ओवळ्यात घरात गेली, अनवाणी गेली, देवीचं केलं नाही, असं काय काय. वाकळेचं कोणाच्याच मनात आलं नाही.

1969 साली आम्ही कॉलेजात होतो, नुकतंच हे सगळं वाचलं होतं. आजीला मोठ्या उत्साहाने पिसवांचं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हणजे रे, आईनंच आणला ना?" आणि आम्ही, तर्कशास्त्राचे विद्यार्थी, म्हणालो, "हो, वाकळेतून आला असणार." ती काही बोलली नाही. उठून आत गेली.

मंडळी, आमचं उत्तर कदाचित बरोबर होतं. पण आजीने कारण विचारलं नव्हतं. दोष कोणाचा, हे तिने विचारलं होतं, आणि आम्ही त्या प्रश्नाला या प्रश्नाचं उत्तर दिलं. 1911 साली परळला हे ज्ञान होतं. इंग्रजीत छापलेलं होतं. साताऱ्याच्या त्या रानापर्यंत कोणी ते एका वाक्यात नेलं असतं, की वाकळ उन्हात टाका, उकळत्या पाण्यातून काढा, मग पांघरा, तर तो मुलगा कदाचित वाचला असता. पोराला थंडी वाजते म्हणून पांघरूण आणणारी आई कारणांच्या साखळीत असेल. दोषाच्या साखळीत ती नाही. हे एवढं वाक्य आम्ही त्या दिवशी बोलायला हवं होतं. पुढे तत्त्वज्ञानात डॉक्टरेट मिळाली, पस्तीस वर्षं शिकवलं, पण ते वाक्य सुचलं तेव्हा आजी नव्हती.

2020 साली आपण भाजी साबणाने धूत होतो आणि बंद खोलीत दाटीने बसत होतो. कोणाच्या घरी आधी रोग आला, त्याची नावं आपण गल्लीत कुजबुजत होतो. तोच 1897चा कायदा तेव्हाही काढला गेला. दार कुठलं हे कळेपर्यंत माणसाला संशयिताच्या जागी उभं करायचं, ही सवय जुनी आहे. म्हणून त्या श्रोत्यांना आमचं एवढंच सांगणं आहे, की गाढवाला कारण म्हटल्याने असं होतं. मार बसतो तो गाढवाला नव्हे, त्याच्या धन्याला.

पुढच्या वेळी आपण देवीच्या लसीकडे वळू. आज इथेच थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.